कुठले वॉकर

हाक आली तेव्हा हेडली वॉकर उभा राहिला. उभा राहिला ते बरं केलं की वाईट, हे पुढं कितीतरी दिवस त्याला ठरवता आलं नाही. बुधवारची दुपार होती, तीनचा सुमार. रुग्णालयाच्या तळमजल्यावर, कानाच्या डॉक्टरांच्या दाराबाहेरच्या बाकावर तो तासभर बसून होता. उजवा कान गिरणीनं केव्हाच खाल्ला होता आणि आताशा डावाही दगा देऊ लागला होता. मुकादमानं शेवटी हातवारे करून सांगितलं होतं, "दाखवून तरी ये, बाबा, एक दिवस पट्ट्यात हात जाईल तुझा." एक नर्स घाईघाईनं आली. तिनं बाकावरच्या माणसांवरून नजर फिरवली आणि तिचे ओठ हलले. आवाज त्याच्यापर्यंत आलाच नाही, पण कुठल्याही ओठांवर आपलं नाव कसं दिसतं हे बहिऱ्या माणसाला पाठ असतं. तो उठला. ती समोरच्या दारात न शिरता जिन्याकडे वळली, दोन मजले चढली, मग एक लांब बोळ. भिंतींना अर्ध्यापर्यंत हिरवा रंग होता आणि कोबी उकडल्याचा वास होता. कानाचा डॉक्टर एवढ्या वर कशाला बसत असेल, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

खोलीतला डॉक्टर तरुण होता. "बसा. तुम्ही भाऊ ना?" त्यानं विचारलं, आणि हेडलीनं मान हलवली. त्याला प्रश्न नीट ऐकू आला नव्हता. तीस वर्षं यंत्रांच्या धडधडाटात काढलेला माणूस मान हलवतो. समोरचा दोनदा विचारून कंटाळू नये म्हणून आधीच हलवतो. त्याची बायको एडिथ त्यावरून चिडायची. "उद्या कुणी विचारील, तुला फाशी देऊ का, तर हो म्हणशील तू!" म्हणायची. डॉक्टर खिडकीकडे तोंड करून बोलत होता. हेडलीला त्याची पाठ दिसत होती, कानामागचे केस दिसत होते, कोटाच्या कॉलरवरचा कोंडा दिसत होता. मग तो वळला आणि त्याचे ओठ दिसले. "आठ आठवडे. फार तर दहा. त्यांना आम्ही काही सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका. शेवटपर्यंत आशा असलेली बरी." क्षणभर हेडलीला वाटलं, आपल्याबद्दलच बोलतोय हा. कानानं माणूस मरतो? मग टेबलावरची फाईल दिसली. वॉकर, इर्विन. म्हणजे दुसरा कुणीतरी. आणि जे सुटल्यासारखं वाटलं त्याची त्याला इतकी लाज वाटली की तोंड उघडून 'साहेब, मी तो नव्हे' म्हणायचं राहून गेलं. दोन शब्दांचं काम होतं. पण असल्याच एका खोलीत, चार वर्षांपूर्वी, असाच एक माणूस खिडकीकडे तोंड करून बोलला होता आणि हेडलीनं अशीच मान हलवली होती. 'बायकोला सांगू नका' हे शेवटचे शब्द तेवढे त्याला स्वच्छ कळले होते. मग खाली जाऊन त्यानं एडिथला सांगितलं होतं, "व्हिटसनच्या सणापर्यंत घरी सोडतो म्हणाला." एडिथ म्हणाली होती, "बरं." सणाच्या आदल्या मंगळवारी ती गेली.

सिस्टर त्याला वॉर्डात घेऊन गेली. शेवटून दुसरी खाट. "मिस्टर वॉकर, बघा कोण आलंय! तुमचे भाऊ!" खाटेवरचा माणूस पासष्ट-सहासष्टचा होता. डोळे निळे, चेहऱ्याची कातडी हाडांवर सैल पडलेली. त्यानं हेडलीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "बरेच दिवस लावलेस. बस." सिस्टर समाधानानं निघून गेली. ती दाराबाहेर होताच तो हेडलीकडे वाकून म्हणाला, "तू क्लॅरेन्स नाहीस."

"नाही. हेडली. आडनाव वॉकरच. मी कान दाखवायला आलो होतो. खाली हाक मारली, मी उठलो."

खाटेवरच्या माणसाचे खांदे हलायला लागले. हसत होता तो. हसता हसता खोकला, पाणी प्यायला, परत हसला. "क्लॅरेन्सला त्यांनी पत्र घातलंय मॉर्लीला, बुधवारी तीनला भेटा म्हणून. तो आला नाही म्हणून यांनी हाताला लागेल तो वॉकर पकडून आणला! कुठले वॉकर तुम्ही?"

"आर्मलीचे."

"आर्मलीत वॉकर पैशाला पासरी. मी पोस्टात होतो, चाळीस वर्षं. माझ्या वाटेवर एकशे चौदा होते. एका गल्लीत तीन जे. वॉकर. एकाचं प्रेमपत्र दुसऱ्याच्या बायकोनं फोडलं, तेव्हा बिचाऱ्याच्या डोक्यात तवा बसला होता."

"गिरणीत आम्ही सात आहोत," हेडली म्हणाला. "मला बहिरा वॉकर म्हणतात."

"गिरणीत काय करतोस?"

हेडलीनं सांगितलं. मागावरून उतरलेली बनात, म्हणजे लोकरीचं कापड, सैल, झिरझिरीत असते. ती साबणाच्या गरम पाण्यात यंत्राखाली घालायची, दाबायची, आवळायची. तिची वीण दिसेनाशी होऊन ती घट्ट होईपर्यंत. सांगता सांगता त्याच्या लक्षात आलं की इर्विनचा चेहरा बदललाय. तो उशीवरून अर्धा उठला होता. "म्हणजे खरा वॉकर!" तो म्हणाला. "अरे लेका, वीस वर्षं मी लायब्ररीत जुने कागद उपसतोय, चर्चच्या वह्या, सहाशे वर्षांपूर्वीच्या करांच्या याद्या, आणि खरा वॉकर खाली कानाच्या दाराशी बसलेला! लोकांना वाटतं आपले पूर्वज हवा खायला चालायचे. हवा कसली! यंत्र नव्हतं तेव्हा हेच काम पायांनी व्हायचं. दगडी कुंडात पाणी, त्यात घरोघरून आणलेलं शिळं मूत, त्यात कापड, आणि त्यावर माणसं दिवसभर चालायची. त्यांना म्हणायचे वॉकर. इंग्लंडच्या दक्षिणेत त्याच माणसाला फुलर म्हणतात, नैर्ऋत्येला टकर. पाय सगळ्यांचेच भिजलेले."

"मूत?"

"त्यानं लोकरीचं तेल सुटतं."

"आमची आई म्हणायची, वॉकर म्हणजे एका सरदाराचं घराणं."

"सगळ्यांच्याच आया म्हणतात. घराणं नाहीच ते. जिथं ओढा, जिथं मेंढ्या, त्या गावाला एक वॉकर. म्हणून तर एवढे झालो. पुढं ओढ्यावर चाक आलं, हातोडे आले, पायांचं काम संपलं. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. नाव एक, रक्ताचा पत्ता नाही." तो उशीवर मागं टेकला. बोलून दमला होता. "जागच्या जागी चालायचे, रे. मैलच्या मैल. पोचायचं कुठंच नाही." मग डोळे न उघडता त्यानं विचारलं, "डॉक्टर काय म्हणाला तुला?"

हेडलीच्या तोंडातून उत्तर इतकं चटकन आलं की जणू चार वर्षं ते दातांमागेच बसलेलं होतं. "विश्रांती घ्या म्हणाला. नाताळपर्यंत घरी." इर्विन म्हणाला, "बरं." भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. घंटा हेडलीला ऐकू आली नाही, माणसं उठताना दिसली. खाली उतरून तो कानाच्या दारावरून पुढं गेला, थांबला नाही. बाहेर ट्रामच्या थांब्यावर उभा राहिला. पुढच्या महिन्यात ट्रामा बंद व्हायच्या होत्या. थांब्यावरची माणसं त्याच गोष्टीवर बोलत असावीत, त्यांचे ओठ दुःखी दिसत होते. त्या 'बरं'ची वळणदार छोटी हालचाल त्याच्या डोळ्यांपुढून जाईना. एडिथचं 'बरं' असंच होतं का? तिच्या आवाजाचं त्याला आता काही आठवत नसे. शेवटच्या वर्षात तर तिचा आवाज त्याच्यापर्यंत पोचतच नव्हता, तो तिचे ओठ वाचायचा. आणि आजारपणात ती मधूनच भिंतीकडे तोंड करून बोलायची. तेव्हा ती काय बोलत होती हे त्यानं कधी विचारलं नाही. वाटायचं, कण्हत असेल.

रविवारी तो परत गेला. ओटचा, आलं घातलेला केक घेऊन गेला. का जातोय, हे त्यानं स्वतःला विचारलं नाही. घरी रविवार फार लांब असायचा एवढं खरं. कोळसा आत आणायचा, बटाटे सोलायचे, मग खिडकीतून समोरच्या विटा बघायच्या. इथं निदान कुणी त्याच्याकडे तोंड करून, ओठ नीट उघडून बोलत होतं. इर्विनला ते आपोआप जमायचं. "तुझ्या हातांना ओल्या लोकरीचा वास येतो," इर्विन एकदा म्हणाला, "आमच्या आजोबांच्या हातांना यायचा." बुधवार, रविवार, बुधवार. मुकादमाला हेडलीनं सांगितलं, भाऊ आजारी आहे. सांगताना जीभ अडखळली नाही. इर्विन त्याला जुन्या कागदांतून वहीत उतरवलेले वॉकर वाचून दाखवी. अमक्या गावचा टॉमस वॉकर, त्यानं कर भरला. तमक्या गावची विधवा ॲग्नेस वॉकर, हिनं नवऱ्यामागं कुंड चालवलं. "बघ, ही बाई," इर्विन म्हणे, "हिचे पाय कसे असतील?" हेडलीला ते पाय दिसत. सुरकुतलेले, पांढरेफटक, बोटांच्या बेचक्यांत भेगा पडलेले. गिरणीत त्याचेही पाय लाकडी तळव्यांच्या बुटांत दिवसभर ओले असत, आणि संध्याकाळी एडिथ चुलीपुढं बसून जुन्या टॉवेलानं ते पुसायची. असलं काही तो इर्विनला सांगत नसे. ऐकत बसे. आणि इर्विनची मनगटं आठवड्या-आठवड्याला बारीक होत चालली होती.

पाचव्या आठवड्यातल्या रविवारी इर्विननं वही मिटली. "हेडली, तू चांगला माणूस आहेस. पण खोटं बोलणं तुझ्या तोंडाला शोभत नाही. आत आलास की आधी माझ्या मनगटाकडं बघतोस. खाटकाच्या दुकानात गिऱ्हाईक मांसाकडं बघतं तसं. तो डॉक्टर काय म्हणाला होता?"

हेडलीला वाटलं, ऐकू आलं नाही असं दाखवावं. ते त्याला कायमच जमत आलं होतं. पण इर्विनचे ओठ स्पष्ट होते, आणि त्याचे डोळे ओठांपेक्षा स्पष्ट होते. हेडलीनं टोपी गुडघ्यावर ठेवली, परत उचलली. "आठ आठवडे म्हणाला. फार तर दहा. त्याला आता पाच झाले."

इर्विननं पांघरुणाची घडी सारखी केली. कडेची, मग मधली. "तीन," तो म्हणाला.

"फार तर पाच."

"तीन." मग तो म्हणाला, "जरा बाहेर हो. आज जा तू." भेटीची वेळ संपायला अजून पाऊण तास होता. वॉर्डभर माणसं खुर्च्या ओढून बसली होती, द्राक्षं खात होती. हेडली त्यांच्यामधून टोपी हातात धरून चालत गेला. बाहेर येऊन पाहतो तर थांब्यावर ट्राम नव्हती. ट्रामा बंद होऊन आठ दिवस झाले होते, हे त्याला ठाऊक होतं, तरी तो बराच वेळ रुळांकडे बघत उभा राहिला. आपण एका माणसाकडून काहीतरी काढून घेतलं, असं त्याला वाटत होतं. डॉक्टरनं सांगितलं होतं, आशा असलेली बरी. शिकलेला माणूस तो. आपण कोण?

बुधवारी सिस्टरनं त्याला दारातच अडवलं. तिचा चेहरा लाल झाला होता. "तुम्ही सांगितलंत त्यांना! त्यांनी डॉक्टरांना तोंडावर विचारलं, तीनच ना, म्हणून. इतके दिवस आम्ही जपलं. सख्ख्या भावानं असं करावं?" हेडलीला म्हणता आलं असतं की मी भाऊ नव्हे, चूक तुमचीच आहे. तो म्हणाला, "माझं चुकलं, सिस्टर." तिनं त्याला आत सोडलं.

इर्विननं दाढी करवून घेतली होती. त्यामुळे चेहरा आणखीच लहान दिसत होता. "तीन दिवस डोळ्याला डोळा नाही," तो म्हणाला. "तुझ्या नावानं इतक्या शिव्या घातल्या! पण पंचाईत अशी की, वॉकरच्या नावानं घातलेल्या शिव्या मलाही लागतात." हेडलीला हसू आलं नाही. इर्विन म्हणाला, "बस रे. बस. आता सांग. कुणाला सांगितलं नव्हतंस तू?"

"म्हणजे?"

"मला सांगताना तू माझ्याकडं बघत नव्हतास. दुसऱ्याच कुणाला सांगत होतास."

मग हेडलीनं एडिथचं सांगितलं. सगळं सांगायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. चार वर्षं ज्याचं ओझं वाहिलं ते एवढंसं निघालं. इर्विन ऐकत होता. शेवटी म्हणाला, "तिला माहीत होतं."

"कशावरून?"

"मला माहीत होतं, त्यावरून. खाटेवर पडलेल्याला कळतं. माणसं निरोप कशी घेतात त्यावरून कळतं."

"मग मला विचारलंस कशाला?" हेडलीचा आवाज चढला असावा, कारण शेजारच्या खाटेवरच्यानं मान वळवली. "माहीत होतं तर कशाला वदवून घेतलंस माझ्याकडून?"

"कुणीतरी तोंडानं म्हणायला पाहिजे ना, रे. एकट्याला माहीत असणं फार वाईट. रात्र खायला उठते." आणि मग, आपण काय बोलून गेलो ते ध्यानात येऊन, त्यानं हेडलीच्या मनगटावर हात ठेवला. हात थंडगार होता. तो काहीतरी म्हणालाही, पण हेडली त्याच्या ओठांकडे बघत नव्हता.

त्या दिवशी हेडली बसनं गेला नाही. नदीच्या कडेनं चालत गेला. गिरण्यांच्या मोऱ्या नदीत सुटत होत्या आणि पाण्याला त्या दिवशी जे कापड रंगवलं त्याचा रंग होता, मळकट जांभळा. आणि त्याला ते आठवलं. दवाखान्यातल्या शेवटच्या पंधरवड्यात एडिथनं त्याला पेन्सिल-कागद आणायला सांगितलं होतं. "लिहून घे," म्हणाली होती. पीठ किती, मीठ किती, कुंडीतल्या जिरेनियमला हिवाळ्यात पाणी किती दिवसांनी, बहिणीच्या मुलीचा वाढदिवस कधी. तो लिहीत गेला. मग ती म्हणाली, "लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात घालायचा नाही. आटतो." तो मोठ्यानं हसला होता. "अगं, मला सांगतेस? पंचवीस वर्षं लोकर आटवण्याचीच रोजी खातोय मी!" ती म्हणाली होती, "तरी लिही." त्यानं लिहिलं होतं. आजारी माणसाचा चाळा म्हणून लिहिलं होतं. सणाला घरी येणार असलेली बाई नवऱ्याला स्वेटर धुवायला कशाला शिकवील? लिहून झाल्यावर ती त्याच्याकडे बघत होती. बराच वेळ बघत होती. तो काही विचारील म्हणून बघत होती. आणि त्यानं कागदाची चौकोनी घडी केली, खिशात घातली, आणि म्हणाला, "आता पड जरा. व्हिटसनला तूच करशील की हे सगळं." तेव्हा तिनं भिंतीकडे तोंड केलं होतं. नदीकाठच्या कठड्याला धरून हेडली उभा राहिला. इतके दिवस त्याला वाटत होतं की आपण तिच्याशी खोटं बोललो, ती बिचारी सुखानं गेली. ती सुखानं गेली नव्हती. त्याला सांभाळत, एकटी गेली होती. त्याला रडू आलं नाही. तो नुसता तोंड उघडून गार हवा आत घेत राहिला.

पुढच्या रविवारी तो गेला तेव्हा इर्विन फारसं बोलत नव्हता. औषधानं गुंगी असायची. मध्येच जाग आली की एखादं वाक्य. हेडलीनं विचारलं, "क्लॅरेन्सकडे जाऊ का मी मॉर्लीला?" इर्विननं मान हलवली. नाही. तुकड्या-तुकड्यानं त्यानं सांगितलं. एकोणीस वर्षांपूर्वी आई आजारी पडली. हा तिच्याजवळ होता. क्लॅरेन्सला कळवलं नाही, वाटलं, उगाच कशाला त्याला कामावरून धावायला लावायचं, उठेल ती. ती उठली नाही. क्लॅरेन्स आला तो थेट दफनाला. कबरीपाशी त्यानं हात मिळवला नाही. त्यानंतर शब्द नाही. "पत्र गेलंय त्याला," इर्विन म्हणाला. "यायचं असतं तर आला असता. मी गेल्यावरही कळवू नकोस. पेपरात वाचू दे." बुधवारी त्यानं हेडलीला ओळखलं की नाही, सांगता येत नव्हतं. हेडली त्याचा हात धरून दोन तास बसला. हाताची कातडी सैल होती, झिरझिरीत.

रविवारी शेवटून दुसऱ्या खाटेवर कोरी चादर होती. पायथ्याशी घडी केलेलं कांबळं. सिस्टर त्याच्याजवळ आली. या वेळी तिनं चेहरा त्याच्याकडे करून सावकाश सांगितलं, "शुक्रवारी सकाळी. शांतपणे." मग ती घुटमळली. तिच्या मागं, बोळात, एक म्हातारा उभा होता. बुटका, जाड, कोटाच्या गुंड्या चुकीच्या लावलेला. डोळे निळे होते. "हेही म्हणतात, मी भाऊ आहे," सिस्टर म्हणाली. "क्लॅरेन्स वॉकर. मग तुम्ही कोण?"

"हेच भाऊ," हेडली म्हणाला. "मी नुसता वॉकर. चुकून आलो होतो." सिस्टर दोघांकडे बघत राहिली आणि मग कागद आणायला निघून गेली.

क्लॅरेन्स हातातलं पाकीट उलटसुलट करत होता. दवाखान्याचं पाकीट होतं ते. "आमच्या गल्लीत खाली दुसरा सी. वॉकर आहे," तो सांगायला लागला. हेडलीलाच नव्हे, कुणालाही सांगितल्यासारखं. "सिरिल. त्याच्याकडं टाकलं पोस्टमननं. तो मुलीकडं गेलेला, दोन महिने. काल आला. काल संध्याकाळी आणून दिलं मला. आज पहिल्या बसनं आलो मी. पहिल्या बसनं. भेटीच्या वेळेपर्यंत खाली बसवून ठेवलं." मग तो हेडलीकडे वळला. "तुम्ही होता त्याच्याजवळ?"

"होतो अधूनमधून."

"माझं नाव काढलं त्यानं?"

बोळाच्या टोकाला चहाची गाडी जात होती, कप एकमेकांवर आपटत असावेत. हेडलीनं त्या माणसाकडे पाहिलं. पाकिटाचा एक कोपरा त्यानं बोटांनी घासून घासून मऊ केला होता. खरं सांगायचं तर इर्विन म्हणाला होता, पेपरात वाचू दे. आणि खरं बोलण्याची किंमत काय, न बोलण्याची किंमत काय, हे दोन्ही हेडलीला आता ठाऊक होतं, आणि त्यातलं काहीच या म्हाताऱ्याच्या उपयोगाचं नव्हतं.

"काढलं," हेडली म्हणाला. "वाट बघत होता. म्हणाला, क्लॅरेन्स येणार. पत्र चुकलं असेल."

"पत्र चुकलं असेल, असं म्हणाला?"

"हो."

"त्याच्या तोंडानं म्हणाला?"

"म्हणाला."

क्लॅरेन्सनं पाकीट कोटाच्या आतल्या खिशात घातलं. मग त्याचं लक्ष आपल्या गुंड्यांकडे गेलं. तो त्या एक एक करून सोडायला लागला. बोटं ऐकेनात. हेडली पुढं झाला, त्यानं त्याच्या गुंड्या वरपासून खालपर्यंत नीट लावून दिल्या, आणि दोघं त्या खाटेशी जाऊन उभे राहिले.